कडक जमीन, जड भिंती

कोयत्याला धार लावायला आलेला माणूस लोहाराच्या भट्टीपाशी पाच मिनिटे उभा राहिला, तर लोखंडाचा एक स्वभाव त्याच्या लक्षात येतो. लालबुंद लोखंड घणाखाली मुकाट्याने वळते. तेच लोखंड तापवून पाण्यात बुडवले की कडक होते, धार धरते. पण पाणी जास्त बसले, तर पहिल्याच आडव्या घावाला टवका उडतो. म्हणून जाणता कारागीर पाणी दिल्यावर पाते पुन्हा थोडे शेकतो. थोडी कडकपणाची कमाई सोडून द्यायची आणि त्या बदल्यात न मोडण्याचा गुण मिळवायचा, असा हा सौदा असतो.

धाराशिव जिल्ह्यातल्या लोहारा तालुक्याच्या नावातच हा व्यवसाय डोकावतो. त्या तालुक्याच्या पायाखाली मात्र असा सौदा झालेला नाही. तिथला खडक जुना आहे, थंड आहे आणि कमालीचा ताठ आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी तो मोडला.

गणेश विसर्जनाची रात्र होती. मिरवणुका संपवून लोक उशिरा झोपले होते. औसा तालुक्यातले किल्लारी, आणि तेव्हा उमरगा तालुक्यात असलेली, आज लोहारा तालुक्यात येणारी सास्तूर, होळी, राजेगाव ही तेरणेच्या खोऱ्यातली गावे मिनिटाच्या आत कोसळली. भूकंपाची तीव्रता ६.२ ते ६.४ अशी नोंदली गेली. मृतांचा सरकारी आकडा ८ हजारांच्या आसपासचा, तर काही नोंदींत तो १० हजारांजवळ जातो. जगभरात दरवर्षी या तीव्रतेचे शंभराहून अधिक भूकंप होतात आणि त्यांतल्या बहुतेकांची बातमीही होत नाही. मग या एका भूकंपाने एवढी माणसे का घेतली?

उत्तराचे दोन भाग आहेत. एक भाग जमिनीखाली आहे, दुसरा जमिनीवर. दोन्हीकडे घोटाळा एकच झाला. जड, ताठ आणि मजबूत हे तीन शब्द आपण एकाच अर्थाने वापरत आलो.

हाडांच्या दवाखान्यात या तीन शब्दांतला फरक रोज दिसतो. सात-आठ वर्षांचे मूल झाडावरून पडते. त्याचे हाड ओल्या फांदीसारखे एका बाजूला चिरते आणि दुसऱ्या बाजूला नुसते वाकते. तसेच पडलेल्या सत्तरीच्या आजीचे खुब्याचे हाड मात्र तुटते. याहून बोलके उदाहरण एका दुर्मीळ आनुवंशिक आजाराचे आहे. त्यात जुने हाड झिजवून नवे घडवण्याची शरीरातली व्यवस्था बिघडते, हाडांवर थर साचत जातात आणि एक्स-रेमध्ये ती पांढरीशुभ्र, भरीव दिसतात. या आजाराला संगमरवरी हाडांचा आजार असेच म्हणतात. अशा रुग्णाचे हाड वजनाला भारी असते, वाकत तर नाहीच, आणि किरकोळ धक्क्याने मोडते. ताठपणा म्हणजे किती जोर लावल्यावर वस्तू किती वाकते याचे माप. मजबुती म्हणजे किती जोराला ती मोडते याचे माप. आणि मोडण्याआधी वस्तू किती ऊर्जा पचवते, हा चिवटपणा आणखी निराळा. जडपणाचा या तिन्हींशी नेमका संबंध नाही.

आता हाच हिशेब जमिनीला लावून पाहू.

पृथ्वीचा बाहेरचा कडक थर म्हणजे शिलावरण. आपण ज्यावर राहतो ते भूकवच या थराचा वरचा भाग. दख्खनखाली ते सुमारे ३५ ते ४० किलोमीटर जाड आहे. त्याच्याखाली प्रावरणाचा वरचा, अजून थंड असलेला भाग त्याला चिकटलेला असतो. हे सगळे मिळून एक अखंड पाट तयार होतो. खालचे गरम प्रावरण घन असूनही लाखो वर्षांच्या हिशेबात मऊ मेणासारखे वागते आणि हा पाट त्यावर तरंगतो.

या पाटाची मजबुती वरपासून खालपर्यंत सारखी नसते. अगदी वरचा खडक भेगाळलेला असतो, त्यावर दाबही कमी असतो, त्यामुळे तो तुलनेने लवकर सरकतो. जसजसे खोल जावे तसतसे वरच्या खडकाचे वजन भेगांच्या दोन्ही बाजू एकमेकांवर दाबून धरते. घर्षण वाढते आणि खडक मोडायला अधिकाधिक जोर लागतो. पण खोलीबरोबर तापमानही चढत असते. साधारण ३०० ते ३५० अंश सेल्सिअसच्या पुढे गारगोटीचे खनिज, म्हणजे क्वार्ट्झ, हळूहळू वाहू लागते. तिथून पुढे खडक तुटण्याऐवजी लोहाराच्या लाल लोखंडासारखा वळतो. भूकंप होण्यासाठी मोडणारा खडक लागतो. म्हणून जिथे भूकवच गरम आहे तिथे भूकंप वरच्या काही किलोमीटरांतच होतात. जिथे ते जुने आणि थंड आहे तिथे मोडण्याची हद्द पुष्कळ खोलवर जाते.

भारतीय द्वीपकल्पाचा गाभा दुसऱ्या प्रकारचा आहे. लोहाऱ्याच्या काळ्या मातीखाली आधी बेसॉल्टचा कातळ लागतो. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे हे थर. किल्लारीत हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने भूकंपानंतर ६१७ मीटर खोल छिद्र घेतले, तेव्हा हा कातळ ३३८ मीटरवर संपला. त्याच्याखाली थोडा गाळाचा थर लागला, आणि मग लागला दक्षिण भारताचा मूळ पाया. हा ग्रॅनाइटसारखा खडक अडीचशे कोटी वर्षांहून जुना आहे. एवढ्या काळात तो निवून कडक झालेला आहे.

अशा पाटावर ओझे टाकले तर काय होते? ओझे टाकण्याचे काम हिमालय करतोच आहे. भारताचा भूपट्ट वर्षाला सुमारे ५ सेंटीमीटर वेगाने उत्तर-ईशान्येकडे सरकतो. हाताची नखे साधारण याच गतीने वाढतात. तिबेटखाली शिरताना या पाटाचे उत्तरेकडचे टोक हिमालयाच्या वजनाने खाली दबते. दबलेल्या जागेत नद्यांनी गाळ भरला, आणि गंगेचे मैदान तयार झाले. तिथे पायथ्याशी गाळाची जाडी कित्येक किलोमीटर आहे.

गादीवर एक लांब फळी ठेवावी आणि तिच्या एका टोकावर माणसाला बसवावे. टोक खाली जाते, थोड्या अंतरावर फळी किंचित वर उचलली जाते आणि त्याच्याही पलीकडे पुन्हा हलकीशी खोलगट होते. फळी जितकी जाड, तितक्या या लाटा लांबवर पोचतात. जाडीचा परिणामही साधासुधा नाही. जाडी दुप्पट केली तर वाकण्याला होणारा विरोध आठपट होतो. रॉजर बिल्हॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये भारतीय पाटाचा असाच हिशेब मांडला. त्यांच्या मते वाकलेल्या पाटाच्या लाटेची लांबी सुमारे ६७० किलोमीटर आहे. मध्य भारतात जमीन उचलली गेलेला फुगवटा आहे, आणि त्याच्या दक्षिणेला एक उथळ पट्टा आहे, जिथे पाटाचा वरचा भाग दाबाखाली येतो. तिथला वरच्या थरातला दाब आजूबाजूच्या भागांच्या दुप्पट निघतो. किल्लारी, कोयना आणि भुज येथले भूकंप अशाच दाबाच्या जागी झाले, असे त्यांनी दाखवले.

लोहाऱ्याच्या रानात उभ्या असलेल्या माणसाला हिमालय हजार किलोमीटरहून दूर आहे. तरी त्याचे ओझे इथल्या खडकाला पोचते, ते हा पाट ताठ आहे म्हणून. पाट मऊ असता तर हिमालयाच्या पायथ्याशीच चेपून सगळा ताण तिथेच जिरला असता. दमदार हाड असलेल्या माणसाने हात टेकवून पडणे थोपवावे आणि मोड मात्र कोपराच्या वर व्हावी, असा प्रकार अपघात विभागात नेहमी दिसतो. जोर एका जागी लागतो आणि ताठ हाड तो दूरवर नेऊन पोचवते.

या पाटाची परिणामकारक जाडी नेमकी किती, यावर एकमत नाही. भारतासाठी ४० किलोमीटरच्या आतले अंदाजही आहेत आणि १०० किलोमीटरच्या पुढचेही. वाद मुळात असा आहे की खंडांचे बळ असते कुठे? अनेक वर्षे मानले जाई की वरचे भूकवच कडक, खालचे भूकवच गरम आणि मऊ, आणि त्याखालचे प्रावरण पुन्हा कडक. दोन कडक भाकऱ्यांमध्ये पिठले भरावे तशी ही रचना. २००२ मध्ये केंब्रिजच्या जेम्स जॅक्सन यांनी ही कल्पना सोडून देण्याची वेळ आली आहे, असे ठामपणे लिहिले. त्यांच्या म्हणण्यानुसार खंडांचे बहुतेक बळ भूकवचातच असते आणि त्याखालचे प्रावरण तुलनेने दुबळे असते. एव्हगेनी बुरोव्ह आणि अँथनी वॉट्स यांनी २००६ मध्ये त्याला उत्तर दिले की प्रावरण एवढे दुबळे असते तर मोठे पर्वत इतका काळ उभे राहिलेच नसते. हा वाद अजून पुरता मिटलेला नाही. पण त्यातला एक साक्षीदार आपल्या शेजारच्या राज्यात आहे.

२२ मे १९९७ च्या पहाटे जबलपूरला ५.८ तीव्रतेचा भूकंप झाला. त्याचा उगम सुमारे ३५ किलोमीटर खोल होता, म्हणजे भूकवचाच्या जवळजवळ तळाशी. ज्या पातळीवर पिठले असायला हवे, तिथे खडक कडकन मोडला. याचा अर्थ भारताच्या या भागात भूकवचाचा तळही थंड आणि ताठ आहे. किल्लारीचा भूकंप याच्या अगदी उलट, जमिनीखाली केवळ काही किलोमीटरवर झाला. जबलपूरला मृतांची संख्या काही डझनांत राहिली. दोन्ही भूकंपांच्या तीव्रतेत फरक आहे हे खरे, पण खोलीचा फरक त्याहून मोठा होता. ३५ किलोमीटर खोलवर सुटलेली ऊर्जा वर येईपर्यंत पसरते. पाच-सहा किलोमीटरवर सुटलेली ऊर्जा थेट चुलीखाली येऊन आदळते. म्हणूनच किल्लारीचा धक्का हैदराबाद, पुणे, मुंबईपर्यंत जाणवला, कारण कडक खडक हादरा दूरवर वाहून नेतो. पण गावेच्या गावे जमीनदोस्त झाली ती तेरणेकाठच्या लहानशा पट्ट्यात.

आता दुसरा प्रश्न. हे आधी कुणाच्या लक्षात का आले नाही?

कारण शांतता. ताठ पाटाच्या पोटात ताण फार सावकाश साठतो. उपग्रहांच्या मदतीने मोजले तर द्वीपकल्पाच्या आतल्या भागांची एकमेकांच्या तुलनेतली हालचाल वर्षाला फार तर मिलिमीटर-दोन मिलिमीटर भरते. हिमालयात ज्या ताणाला शतके लागतात, त्याला इथे हजारो वर्षे लागू शकतात. मधल्या काळात माणसांच्या पंचवीस-पन्नास पिढ्या होऊन जातात आणि जमीन स्थिर आहे ही समजूत पक्की होते. दख्खनचे पठार हा स्थिर भूखंड, असे शाळेच्या भूगोलातही शिकवले जाई. भारताच्या भूकंपप्रवण क्षेत्रांच्या नकाशात किल्लारी आणि सास्तूरचा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. २००२ च्या सुधारित नकाशात पहिला विभाग काढूनच टाकण्यात आला आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या विभागात गेला. दवाखान्यातही हे होते. तक्रार नाही म्हणून रक्तदाब कधी मोजलाच नाही, आणि पक्षाघात झाल्यावर फाइल उघडली.

खडकाने मात्र आपली फाइल ठेवलेली होती. किल्लारीच्या छिद्रातून काढलेल्या नमुन्यांत लाव्ह्याचे थर एका भेगेवर सुमारे ६ मीटर एकमेकांवर चढलेले आढळले. एवढ्या भूकंपात भेग एका वेळी मीटरभराच्या आसपास सरकते. म्हणजे लाव्हा थंड झाल्यानंतरच्या काळात ही भेग अनेकदा सरकली असली पाहिजे. मोडलेले हाड तीन महिन्यांत सांधते, आणि नीट बसवले तर जुन्या जागी पुन्हा मोडण्याची भीती फारशी राहत नाही. खडकाची भेगही काळाच्या ओघात खनिजांनी भरते, घट्ट होते, पण आजूबाजूच्या अखंड कातळापेक्षा बहुधा कच्चीच राहते. पुढचा ताण तीच जागा शोधून काढतो.

दुसरी नोंद याच जिल्ह्यातल्या तेरची आहे. सातवाहन काळात तगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या बाजारपेठेच्या परिसरात भूवैज्ञानिक सी. पी. राजेंद्रन आणि कुसला राजेंद्रन यांनी जमिनीतल्या थरांची पाहणी केली. थर ज्या प्रकारे तुटले आणि वाकले आहेत, त्यावरून साधारण दीड हजार वर्षांपूर्वी इथे मोठा भूकंप झाला असावा, असा निष्कर्ष त्यांनी काढला. तेरहून सास्तूर फार दूर नाही. कुठल्या बखरीत, कुठल्या ओवीत त्याची आठवण उरली नाही, याचे नवल वाटायला नको. दीड हजार वर्षे म्हणजे मराठी भाषेच्या लिखित इतिहासाहून मोठा काळ.

आणि एक ताजी नोंदही होती. १९९२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये किल्लारी परिसराला अनेक लहान धक्के बसले होते. लोक घाबरले, काही दिवस बाहेर झोपले, मग धक्के थांबले आणि लोक घरात गेले. त्यांना दोष देता येणार नाही. लहान धक्क्यांच्या मालिकेनंतर बहुतेक वेळा काहीच होत नाही, आणि कोणती मालिका मोठ्या भूकंपाआधीची आहे हे ओळखण्याची पद्धत आजही कुणाकडे नाही.

पाण्याचा मुद्दा इथे टाळता येत नाही, कारण लोहारा तालुक्यात तो आजही चावडीवर निघतो. माकणीला तेरणेवर धरण आहे, निम्न तेरणा प्रकल्प. भूकंप त्याच्यामुळे झाला का? धरणाच्या पाण्याने भूकंप होऊ शकतो, याचे जगातले सर्वांत अभ्यासलेले उदाहरण महाराष्ट्रातच आहे. कोयनेचा शिवाजीसागर जलाशय भरू लागल्यावर परिसरात धक्के सुरू झाले, आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. पाणी तिथे वजनापेक्षा दाबाने काम करते. ते भेगांतून खाली झिरपते, दोन्ही बाजूंना आतून ढकलते, आणि घर्षणाने धरून ठेवलेली भेग सैल पडते. ताण आधीपासून साठलेला असतो, पाणी केवळ खिटी काढते. कोयनेत हे कसे घडते ते थेट पाहण्यासाठी कराडच्या भूभौतिकी प्रयोगशाळेने सुमारे ३ किलोमीटर खोल छिद्र घेतले आहे. किल्लारीच्या बाबतीत मात्र तज्ज्ञांत मतभेद राहिले. माकणीचा साठा कोयनेच्या मानाने लहान आहे, आणि कोयनेत वर्षानुवर्षे चालू राहिलेले धक्के इथे तसे चालू राहिले नाहीत. माकणीच्या पाण्यावर सगळे खापर फोडले की वरच्या भिंतींकडे पाहायला नको, ही या चर्चेतली सोयीची पळवाट आहे.

त्या भिंतींकडे आता यावे लागेल.

मराठवाड्यातले माळवदाचे घर उन्हाळ्यासाठी बांधलेले घर आहे. भिंत दोन-अडीच फुटांची, कधी त्याहून रुंद. बाहेरून दगडांचा एक थर, आतून दुसरा, आणि मध्ये दगडगोट्यांची व मातीची भरती. वर लाकडी तुळया, फळ्या आणि त्यावर फूट-दीड फूट मातीचे माळवद. मे महिन्यात बेचाळीस अंशांच्या दुपारी या घरात शिरले की बाहेरचे ऊन विसरायला होते. शिवाय जाड भिंत म्हणजे खानदानी घर, ही भावनाही होतीच. गळती लागली की पावसाळ्याआधी माळवदावर नवी माती पडायची. जुनी खरवडून काढण्याचा त्रास कुणी घेत नसे, आणि असे पिढ्यानपिढ्या चालले की छताचे वजन वाढत जायचे.

भूकंपात जमीन आडवी हलते. इमारतीवर येणारा जोर तिच्या वजनाच्या प्रमाणात वाढतो. भिंत जितकी जड तितका तिच्यावरचा धक्का मोठा. उभे वजन पेलायला ही भिंत उत्तम असते, पण आडव्या जोरापुढे तिच्याकडे काही उपाय नसतो. तिच्या दोन थरांना एकत्र बांधणारा आरपार दगड नसतो आणि मातीला पकड नसते. हादऱ्यात मधली भरती खाली बसते, पाचरीसारखी दोन्ही थरांना ढकलते, एक थर आत कोसळतो, दुसरा बाहेर. त्यावर माळवदाची माती येते. किल्लारीनंतर पाहणी करणाऱ्या अभियंत्यांना पुष्कळ घरांत एक विचित्र दृश्य दिसले. भिंती पूर्ण ढासळलेल्या होत्या, पण लाकडी खांब आणि तुळयांचा सांगाडा उभा होता. लाकूड हलके आणि चिवट असते. ते डोलले, कुरकुरले आणि राहिले.

ढिगाऱ्याखालच्या मरणाचे वैद्यकीय कारण अशा घरांत बहुधा हाड मोडणे हे नसते. बारीक माती नाकातोंडात जाते, छातीवर मातीचे वजन पडते, फासळ्या हलू शकत नाहीत आणि श्वास थांबतो. काँक्रीटच्या ढिगाऱ्यात पोकळ्या राहतात, माणसे दोन-तीन दिवसांनीही जिवंत सापडतात. मातीच्या ढिगाऱ्यात पोकळी फारशी राहत नाही आणि वेळ मिनिटांत मोजावा लागतो. त्यामुळे अशा गावात जीव वाचवतात ते शेजारी. बाहेरची मदत येईपर्यंत तो वेळ निघून गेलेला असतो. माणूस दिसला की आधी चेहरा आणि छाती मोकळी करायची, तोंडातली माती बोटाने काढायची, उरलेले अंग नंतर.

पाय किंवा मांडी तासन् तास दबलेली असेल तर आणखी एक धोका असतो. चेंगरलेल्या स्नायूंतून पोटॅशियम आणि स्नायूंचे रंगद्रव्य साठून राहते. दगड उचलला की ते एकदम रक्तात मिसळते. तोवर बोलत असलेल्या माणसाचे हृदय अचानक बंद पडू शकते, किंवा दोन-तीन दिवसांत मूत्रपिंडे काम थांबवतात. १९४१ मध्ये लंडनवरच्या बाँबहल्ल्यांतल्या रुग्णांत एरिक बायवॉटर्स यांनी याचे सविस्तर वर्णन केले. उपाय साधा आहे. शक्य असेल तर दगड उचलण्याआधीच शिरेतून सलाइन सुरू करायचे. आशा कार्यकर्ती आणि १०८ रुग्णवाहिकेच्या कर्मचाऱ्यांपासून तालुक्याच्या डॉक्टरांपर्यंत सर्वांना हे ठाऊक असायला हवे.

भूकंपानंतर जागतिक बँकेच्या मदतीने मोठा पुनर्वसन कार्यक्रम झाला. ५२ गावे नव्या जागी वसवली गेली आणि इतर हजारो घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण झाले. त्या घरांना आता तीन दशके होऊन गेली. तेव्हा पाळण्यात असलेली मुले आज आई-बाप आहेत. कुटुंबे वाढली तसे मूळ घराला लागून खोल्या चढल्या, आणि त्या खोल्या बांधताना भूकंपाची आठवण असलेला गवंडी होता की नव्हता, हे घरोघरी वेगळे. दुसरीकडे, पुनर्वसनाच्या यादीत न आलेल्या कित्येक गावांत माळवदाची घरे अजून वापरात आहेत. अधूनमधून जमिनीतून गूढ आवाज येतात आणि वर्तमानपत्रांत बातम्या छापून येतात. २०२२ मध्ये निलंगा तालुक्यातल्या हासोरीत असेच झाले, लोक रात्री घराबाहेर काढू लागले. असे आवाज उथळ आणि लहान धक्क्यांचे असू शकतात. त्यांवरून पुढचे भाकीत कुणालाच करता येत नाही.

जमिनीचा ताठपणा कुणाच्या हातात नाही. छताचे वजन आहे.

त्याच तेरमध्ये जुन्या मंदिरांसाठी वापरलेल्या विटा प्रसिद्ध आहेत. त्या इतक्या हलक्या आहेत की पाण्यावर तरंगतात, आणि तिथल्या लामतुरे संग्रहालयात त्या पाहायला मिळतात. विटांचे त्रिविक्रम मंदिर तर कित्येक शतके उभे आहे. ते कोणत्या भूकंपातून तरले, हा पुरातत्त्वाचा प्रश्न. पण जाड म्हणजे भक्कम, हे या मातीतले एकमेव शहाणपण कधीच नव्हते, एवढे त्या विटा दाखवतात.

माळवदाच्या घरात राहणाऱ्याला आज करता येण्यासारखी कामे मोठी नाहीत. छतावरची जुनी माती खरवडून थर पातळ करायचा आणि गळतीसाठी मध्ये प्लास्टिकचा जाड कागद घालायचा. तुळई आणि खांब जिथे भेटतात तिथे तिरप्या लाकडी पट्ट्या ठोकायच्या. भिंतीत तीन-साडेतीन फुटांच्या अंतराने दगड काढून आरपार भोक पाडायचे आणि त्यात सळईसह काँक्रीट भरायचे, म्हणजे दोन्ही थर एकमेकांना बांधले जातात. किल्लारीनंतर अभियंत्यांनी मजबुतीकरणासाठी हेच उपाय सुचवले होते. हे काम जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीच करावे, कारण दगड काढताना भिंत अंगावर येऊ शकते.

सुरुवात त्याहूनही सोपी आहे. सकाळच्या तिरप्या उन्हात भिंतीच्या कोपऱ्याशी उभे राहून भिंतीच्या लांबीवर नजर टाकायची. कुठे पोट आल्यासारखे दिसले तर तिथे आतले आणि बाहेरचे थर सुटू लागले आहेत. त्या भिंतीलगतची अंथरुणे त्याच दिवशी हलवायची, आधी लहान मुलांची आणि म्हाताऱ्यांची.